वेलबुट्टीचा मेल

भालकीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी पहिलं इंटरनेट कॅफे निघालं ते लग्नपत्रिकांच्या छापखान्यात. पुढं चार कॉम्प्युटर, मागं जुनं मशीन. मालकांना सगळे अण्णा म्हणत, आणि अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खुर्चीमागं उभे राहत. साधा कागद बाहेर पाठवणं त्यांना बोडक्या डोक्यानं सोयरिकीला गेल्यासारखं वाटे.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. माझा प्रोजेक्टचा प्रोग्रॅम सुरू होताच बंद पडायचा. सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांच्यापुढं तो चालला नाही तर वर्ष जाणार, आणि वर्षाबरोबर हैदराबादची ठरलेली नोकरी. सरांनी सांगितलं, "मेलिंग लिस्टवर विचार." तिथं एक मेल टाकला की तो जगभरच्या शेकडो जाणकारांना जातो आणि कुणीतरी उत्तर देतं.

म्हणजे शेकडो अनोळखी लोकांपुढं बोलायचं. इंग्रजी शाळेत मला नाना प्रकारची पत्रं शिकवली होती, पण एकातही 'मला हे जमत नाही' असं लिहायचं नव्हतं. मी सोपी वाट काढली. पडद्यावर एरर दिसत होता, त्याचं चित्र घेऊन मेलमध्येच चिकटवलं आणि खाली लिहिलं, 'रिस्पेक्टेड सर, वरील चित्र पाहून कृपया मदत करावी.' चित्रामागं बरं लपता येतं.

अण्णा बघतच होते. "अक्का, परदेशात चाललंय न्हाई? मग असं बोडकं कामून धाडायलीस? सरक."

पोपटी रंग आला, चारी बाजूंनी वेलबुट्टी, माथ्यावर लाल अक्षरांत आमच्याकडच्या खंडोबाचं 'श्री मल्लण्णा प्रसन्न', कोपऱ्यात हलत्या ज्योतीची समई. मला नको म्हणायचं होतं. मी "थँक्यू अण्णा" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, लिस्टवर माझा मेल पाहिला. तिथं फक्त साधी इंग्रजी अक्षरं चालतात, बाकीचं सगळं यंत्रच काढून टाकतं. मल्लण्णांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरली होती. खाली माझी विनंती: वरील चित्र पाहून. वर काहीच नव्हतं.

पहिलं उत्तर होतं, 'कोणतं चित्र?' दुसऱ्यानं नियमांचं पान दाखवलं. तिसऱ्यानं दुसऱ्याला सुनावलं, की उत्तर मूळ मजकुराच्या खाली लिहायचं असतं, वर नाही. चौथ्यानं तिसऱ्याची मेलखालची सही नियमापेक्षा एक ओळ लांब असल्याचं मोजून दाखवलं. दिवसभरात एकवीस मेल आले. प्रोग्रॅमला काय झालंय हे एकानंही विचारलं नाही. मला मात्र हे परकं वाटेना. आमच्याकडं साखरपुड्यात टॉवेल-टोपीच्या मानावरून दोन्हीकडचे मामा भांडत असतात, तेव्हा नवरीला तहान लागलीय का हेही असंच कुणी विचारत नाही.

शनिवारी परत कॅफेत बसले.

"आता चित्र मोठं टाकू," अण्णा म्हणाले. "आन वरी तोरण."

"नको अण्णा."

"कामून?"

"त्यांना चालत न्हाई."

"तोरण चालत न्हाई? कसले लोक म्हणावं!" पण ते मागं सरले.

तो एरर मी अक्षर न् अक्षर हातानं टाइप केला. मग काय काय करून बघितलं ते लिहिलं, आणि शेवटी, 'यापुढं मला समजत नाही.' साध्या काळ्या अक्षरांत ते वाक्य फार उघडं दिसत होतं. पुन्हा न वाचताच पाठवलं.

रविवारी चार ओळींचं उत्तर आलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. तिसऱ्या ओळीत उपाय होता. सोमवारी प्रोग्रॅम चालला. परीक्षकांनी चहा पीत पीत सही केली.

मंगळवारी आभाराचा मेल लिहायला बसले. अण्णा मागं होतेच. "एवढं काम केलं त्यांनी, आन एक फूल बी न्हाई?"

त्यांचा चेहरा बघवेना. मग मी की-बोर्डवरच्याच चिन्हांनी, कंस आणि रेघा जुळवून, एक फूल काढलं. साधीच अक्षरं. यंत्राला काढून टाकण्यासारखं त्यात काही नव्हतं.

संध्याकाळी नियमवाल्या गृहस्थांनी कळवलं, की आभार खासगीत मानावेत, सगळ्या लिस्टला त्रास देऊ नये. त्याखाली आणखी कुणीतरी विचारलं होतं, की कंस-रेघांचं फूल हे चित्र धरायचं की मजकूर? त्यावर सात उत्तरं आली होती.

मी अण्णांना सगळं वाचून दाखवलं.

"पर फूल पोचलं का न्हाई?"

"पोचलं."

"मग भांडू दे."