जात्याची वरची तळी

हौशीराम केदारी खाली बसला आहे, असं दृश्य मळवलीपासून लोणावळ्यापर्यंत कुणाच्या पाहण्यात नाही. तो टेकायचा. उंबऱ्यावर टेकेल, जोत्याच्या कडेला टेकेल, दुसऱ्याच्या लग्नात पंगतीला बसला तरी एक गुडघा उभा ठेवील, आणि कुणी "बस की नीट" म्हटलं तर "आलोच" म्हणून उठून जाईल. कुठे जाईल ते त्यालाही ठाऊक नसे. पण गेलाच पाहिजे असा चेहरा करून जाई, त्यामुळे कुणी अडवत नसे.

असल्या माणसाच्या नशिबी एका जागी बसायची नोकरी यावी, हा दैवाचा विनोद. आणि ती आणली दुसऱ्या महायुद्धाने.

झालं असं, की सरकारने आरमाराची छावणी बांधायला काढली, ती लोणावळ्यापलीकडच्या डोंगरात. समुद्र राहिला घाटाखाली, कित्येक कोस दूर, आणि खलाशी शिकायला येणार डोंगरावर! हौशीरामच्या गावात, म्हणजे मळवली स्टेशनपासून मैलभरावर, या गोष्टीवर महिनाभर खल झाला. जहाजं घाट कशी चढणार हा मुख्य प्रश्न होता. गाडीवान गेणूने तो सोडवला. म्हणाला, "सरकारला आपला आषाढ म्हाईत हाय. आषाढात हितं कुटंबी जहाज सोडा, चालतंय."

आषाढात तिथे पाणी असे, पण वैशाखात विहिरीवरून वर चढवावं लागे. त्यासाठी पंप आला आणि पंपासाठी माणूस हवा झाला. तरुणपणी हौशीरामने लोणावळ्यात एका पारशाच्या बंगल्यावर तेलाचं इंजिन सांभाळलं होतं. त्या इंजिनाला कधी थोपटायचं आणि कधी शिव्या द्यायच्या, हे तालुक्यात त्याच्याइतकं कुणाला कळत नसे. त्याला नोकरी मिळाली. पंपवाल्याने छावणीतच राहायचं, त्यासाठी सत्तावीस नंबरची खोली द्यायची असं ठरलं. अट एकच: खोली कुटुंबवाल्याची. महिनाअखेर बायकापोरं आली नाहीत तर खोली दुसऱ्याला, आणि खोलीबरोबर पंपही.

बायको कस्तुराबाई तयार होती. मुलगी रतन तर दोन दिवस आधीच वेणी घालून बसली होती. अडलं ते आईपाशी.

बयाबाई म्हणजे नऊवारी लुगड्यात गुंडाळलेली काडी. पण त्या काडीवर घर तोललेलं होतं. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. हौशीराम एकुलता एक.

"जा," ती म्हणाली. "मी न्हाई आडवत. पर मी हितनं हालायची न्हाई. आन् जातं बी हालायचं न्हाई."

आता जातं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. भाऊ वेगळे झाले की आधी चूल वेगळी होते, मग जातं येतं. दुसरं जातं रोवलं की घरं दोन झाली, वाटणी झाली. आणि जातं उचलून नेलं की मागे राहतं ते घर नव्हे, नुसत्या भिंती. पहाटे ज्या घरातून दळणाचा आवाज येत नाही, ते घर गाव मोजत नाही. बयाबाईला नेमकी तीच धास्ती. लेक गेला तरी चालेल, पण आपल्या दाराकडे बोट दाखवून "हितं केदारी ऱ्हायचे" असं कुणी म्हणता कामा नये.

"मग मी काय पिठाबिगार ऱ्हाऊ?" कस्तुराबाई आतून म्हणाली. भिंतीला उद्देशून, पण भिंतीच्या या बाजूला सासू होती.

हौशीराम दोघींच्या मधे उभा. बसायचा प्रश्नच नव्हता. त्याने दोन येरझाऱ्या घातल्या, एकदा गोठ्यात डोकावून आला, आणि त्याला असा काही तोडगा सुचला की तो ऐकून गेणूने बैलांकडे आदराने पाहिलं.

"जात्याला तळ्या किती? दोन. वरची तळी कस्तुरा नेईल, खालची आईजवळ ऱ्हाईल. म्हंजे जातं हितनं हाललं न्हाई, आन् गेलं बी!"

गंमत अशी की दोघींना ते पटलं. खुंटा वरच्या तळीला असतो म्हणून कस्तुराबाई खूष, आणि खालची तळी जमिनीत रोवलेली असते म्हणून बयाबाई खूष. तासभर घरात एवढा आनंद होता की दळायचं कुणी कशावर, हे विचारायचं राहूनच गेलं.

गेणूच्या गाडीतून संसार निघाला: दोन पेट्या, चार कोंबड्या, रतन आणि वरची तळी. छावणीच्या फाटकावर आडवा दांडा होता, आणि दांड्यामागे सहा फुटी पंजाबी शिपाई. त्याने पेट्या पाहिल्या, कोंबड्या पाहिल्या. तळीपाशी थांबला. वाटोळा दगड, मधोमध भोक, कडेला लाकडी खुंटा. लढाईचे दिवस.

"यह क्या है?"

"जातं," हौशीराम म्हणाला. "आधा."

"बाकी आधा किधर है?"

"गावको. आईके पास."

शिपायाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. असल्या माणसाशी वाद घालू नये हे त्याला बहुधा शिकवलेलं असावं. त्याने वही काढली आणि लिहून घेतलं: पत्थर, गोल, एक. वहीत चढलेली वस्तू कचेरीच्या पासाशिवाय बाहेर जाणार नाही, हे त्याने दोनदा बजावलं. हौशीराम म्हणाला, "भायेर कशाला न्यायची?" आणि आत गेला.

सत्तावीस नंबरची खोली चांगली होती. जमिनीला शहाबादी फरशी, खिडकीला जाळी. फरशीत जातं रोवता येत नाही हे पहिल्याच दिवशी कळलं. पण अर्धं जातं मुळात रोवायचंच नव्हतं, म्हणून कुणी दुःख केलं नाही. वरची तळी दाराशी पडली. आधी तिच्यावर कोंबडी बसायची, मग शेजारीण अनसूयाबाई बसू लागली. ही तळेगावची, कारकुनाची बायको. बोलणं पुणेरी, हात सढळ. "कस्तुराबाई, तुमचा हा पाट भारी हं," ती म्हणायची. पिठाला गिरणी होती. कस्तुराबाई भाकरी थापायची आणि म्हणायची, "गिरनीचं पीठ तापून निघतंय, चव ऱ्हात न्हाई." भाकरी चांगली व्हायची, तरी म्हणायची.

तिकडे गावात बयाबाईने खालच्या तळीवर रोज ओलं फडकं फिरवावं आणि वर टोपली पालथी घालावी, उघडी दिसू नये म्हणून. दळण शेजारच्या अंबूबाईकडे. मात्र पहाटे, उजाडायच्या आत, चोरासारखं. गावाला सगळं ठाऊक होतं, पण गावाने कधी दिसू दिलं नाही.

आणि हौशीराम? पंपापाशी असला की त्याला वाटायचं, आईच्या दाराची कडी सैल आहे, बघायला हवी. शनिवारी दुपारी बदली माणूस आला की हा सुटायचा. लोणावळ्याहून पुण्याकडची गाडी, मळवलीला उतरायचं, धावत घर. कडी ठोकून झाली की त्याचे कान उभे राहायचे. दहा मैलांवरचा पंप त्याला ऐकू यायचा, आणि बदली माणसाने पट्टा सैल ठेवलाय हेही ऐकू यायचं. रविवारी सकाळीच परत.

"चा घेऊन जा की," आई म्हणायची.

"आलोच," म्हणून तो जायचा, आणि पुढच्या शनिवारी यायचा.

अशी दोन वर्षं गेली. लढाई संपली, पंप काही संपला नाही. तेवढ्यात रतनचं लग्न ठरलं. मुलगा कामशेतपुढच्या कान्हे गावचा. लग्न कान्ह्यालाच, मंगळवारी. पण नवरीची हळद नवरीच्या घरच्या जात्यावर दळायची, आणि ती रविवारी, सूर्य डोक्यावर यायच्या आत, असं भटजींनी सांगितलं.

नवरीचं घर कुठलं?

बयाबाईचा निरोप आला: "पोरीला आन् वरच्या तळीला घेऊन गावाला या." कस्तुराबाईचा निरोप गेला: "आत्याबाईंनी खालची तळी घेऊन हिकडं यावं. पोर हितल्या दारातनं जाईल." दोन्ही निरोप नेणारा एकच. मळवलीच्या तिकीटबाबूने त्याच्यासाठी तिकीट आधीच काढून ठेवायला सुरुवात केली. एकदा तर हौशीराम अर्ध्या वाटेत विसरला की आपल्याजवळचा निरोप कुणाचा कुणाला आहे, आणि सासूला सासूचाच निरोप सांगून आला. बयाबाई म्हणाली, "आता कसं शानपनाचं बोलली सून!"

रविवार उजाडला. हळकुंडं धुऊन तयार, रतन चौरंगावर, आणि जातं अर्धं. दहाच्या सुमारास कुणीतरी पळत आलं: फाटकावर एक म्हातारी शिपायाला दम देतेय.

गेणूची गाडी उभी होती. गाडीत बयाबाई, अंबूबाई, नात्यातली एक सवाशीण आणि खालची तळी. बयाबाई पहाटेच निघाली होती, नातीला आणि वरच्या तळीला घेऊन जायला; सूर्य डोक्यावर यायच्या आत परत कशी पोचणार होती, ते तिलाच ठाऊक.

"मग खालची कशाला आनली?" हौशीराम म्हणाला.

"घरात कुनी न्हाई. यकटी कशी ठिवू तिला?"

आत नेऊ म्हटलं तर शिपाई तोच, दोन वर्षांपूर्वीचा, पण आता आत न्यायलाही पास लागे. "पास?" पास देणारी कचेरी रविवारी बंद. वरची बाहेर काढू म्हटलं तर त्याने वही उघडली. पत्थर, गोल, एक. "पास?"

तोवर कस्तुराबाई अनसूयाबाईला आणि आणखी एका शेजारणीला घेऊन पोचली. मागून रतन आली. हौशीरामने वरची तळी गाडीच्या चाकासारखी कडेवर उभी करून लोळवत आणली होती. दांड्याच्या आत सून, दांड्याच्या बाहेर सासू. सूर्य चढत होता.

"तुमी या की आत, आत्याबाई."

"तू ये भायेर."

"पोरीचा बाप हितं ऱ्हातो."

"पोरीच्या बापाचा बाप तितं ऱ्हायचा."

हौशीराम दांड्याखालून वाकून बाहेर गेला, पुन्हा आत आला, पुन्हा बाहेर गेला. चौथ्या खेपेला तो दांड्याच्या बरोबर खाली थांबला. माणसाने एकाच आयुष्यात दोनदा असा तोडगा काढावा हे दुर्मीळ.

"हितंच," तो म्हणाला. "हितं ना आत, ना भायेर. तुमची वही बी शाबूत, शिपाईदादा."

शिपायाने दांड्याकडे पाहिलं, खाली जमिनीकडे पाहिलं. मग रतनकडे. मग रस्त्याकडे पाठ करून म्हणाला, "जल्दी करो."

खालची तळी दांड्याखाली मातीत बसवली. तिच्या खिळीवर वरची उतरली. दोन वर्षांनी दगडाला दगड भेटला, आणि तो जो घर्र आवाज झाला, त्याला बैलांनीही कान टवकारले. खुंट्याला आंब्याची पानं बांधली. पाच सवाशिणी हव्या होत्या: दोन गाडीतल्या, तीन आतल्या. बरोबर पाच झाल्या. बयाबाई पदर सावरून चार पावलं मागे सरली. विधवेने हळदीच्या जात्याला हात लावायचा नाही, हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. पण ओवी तिनेच सांगितली, कारण अनसूयाबाईला पुण्याच्या ओव्या येत होत्या आणि त्या जात्याला बसत नव्हत्या.

शिपाई आता पाठ फिरवायची विसरला होता. "हमारी माँ भी पीसती है," तो म्हणाला. मग त्याने ते विचारलं, जे दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. "एक बात बताओ. दूसरी चक्की क्यों नहीं ली?"

दळण थांबलं. कामशेतच्या बाजारात दर आठवड्याला जात्यांची रास पडते. हौशीरामने ती शंभरदा ओलांडली असेल.

"दुसरं घेतलं की दोन घरं झाली, बाबा," बयाबाई म्हणाली. "मी जिती हाय तवर न्हाई."

शिपाई कस्तुराबाईकडे वळला. "और तुमने?"

कस्तुराबाईने खुंटा सोडला नाही. मान खाली घालून म्हणाली, "आत्याबाईंनी घे म्हनल्याबिगार कसं घेनार?"

जात्याच्या तोंडात हळकुंड अडकलं होतं, ते काढायला बयाबाई चार पावलं पुढे आली, आठवण झाली, थांबली. कस्तुराबाईने तिचा हात धरला आणि खुंट्यावर ठेवला. अंबूबाईने डोळे मोठे केले. "काय बघताय?" कस्तुराबाई तिला म्हणाली. "हळद सांडंल, पुढं व्हा."

सूर्य डोक्यावर यायच्या आत हळद झाली. वरची तळी आत गेली. खालची फाटकाच्या चौकीत शिपायाच्या बाकाखाली राहिली. संध्याकाळी गेणू गाडी जुंपून विचारू लागला, "बयामावशी, तुमी?" तर बयाबाईने गाडीतून आपलं बोचकं काढून घेतलं.

"ह्या पंपाचा लय डांगोरा ऐकलाय," ती म्हणाली. "बघू तरी."

सोमवारी कचेरी उघडली. पास निघाले. वहीत नवी ओळ आली: पत्थर, गोल, दुसरा. त्याखाली: आई, एक.

मंगळवारी रतनचं लग्न लागलं, आणि सत्तावीस नंबरच्या दाराबाहेर, जिथे फरशी संपते तिथे, जातं रोवलं. पहाटे आरमाराचा बिगूल वाजायच्या आधी बयाबाईची घरघर सुरू व्हायची. डोंगरावर शिकायला आलेले खलाशी त्या आवाजाने उठायचे. समुद्र असाच गाजत असेल अशी काहींची समजूत झाली होती म्हणतात.

आता सगळं स्थिरावलं, असं वाटेल. चौथ्याच दिवशी बयाबाई दळता दळता थांबली. "हौश्या, गावच्या दाराची कडी सैल तर न्हाई ना झाली?"

तेव्हापासून शनिवारी दुपारी लोणावळ्याच्या फलाटावर दोघं दिसायची. रात्री गावच्या दारात दिवा, रविवारी सडा, अंबूबाईशी भांडण, आणि परतीची गाडी. मळवलीच्या फलाटावर बाक रिकामा असे. आई एका टोकाला टेकलेली, लेक दुसऱ्या टोकाला. दोघांचा एकेक पाय उचललेला. तिकीटबाबू म्हणायचा, "बसा की आजीबाई, गाडीला वेळ आहे."

"आलेच," म्हणून ती उठायची.