नव्या माठातलं पाणी

या ग्रुपवर कुणी चकवा, हडळ, अमावस्या असं काही लिहिलं की खाली "उन्हात कमी फिरा, पाणी जास्त प्या" अशी कॉमेंट टाकणारी खवचट बाई म्हणजे मीच. जुन्या मेंबरांना आठवत असेल. काही जणांनी मला ब्लॉकही केलंय… ठीक आहे, हक्क आहे तुमचा. आता माझी पाळी आलीय, तेव्हा मनसोक्त हसून घ्या.

आमच्या घरात असल्या गोष्टींना थाराच नव्हता. दीक्षा घेतली त्याच वर्षी आजोबांनी गंडेदोरे, ताईत सगळं गोळा करून नाल्यात फेकलं होतं. वडील शिक्षक, मीही शिक्षिका. अमरावतीत विज्ञान शिकवते. वडील गेल्यापासून माय गावी एकटीच राहायची. किती वेळा म्हटलं, माझ्याकडे चल. "तुह्या त्या डबड्यात मले कोंडून मारतं का?" हे तिचं ठरलेलं उत्तर. डबडं म्हणजे माझा फ्लॅट.

गाव दर्यापूरच्या पुढे आहे, नाव सांगत नाही. तो सगळा खारपाणपट्टा. समुद्र कुठच्या कुठे, पण विहीर खणा की बोअर मारा, पाणी खारंच लागतं. म्हणून आमच्याकडे घराघरात दोन पाणी असतात. नळाला कधीमधी येणारं गोडं पाणी पिण्याचं आणि विहिरीचं खारं पाणी वापरायचं. दोन्हींची भांडी वेगळी, आणि त्यात गफलत झाली की घरात महाभारत! माय तर या बाबतीत भयंकर होती. खाऱ्या पाण्याचा चहा ती एका घोटात ओळखायची आणि कप ठेवून सरळ उठायची. माझ्या साखरपुड्यात तिने होणाऱ्या व्याह्यांकडचा कप असाच ठेवला होता. त्याचे टोमणे मी आजही खाते.

माझा धाकटा भाऊ प्रवीण अकोल्यात जठारपेठेत खोली घेऊन राहतो. कॉम्प्युटर गेमसाठी चित्रं काढणं हा त्याचा धंदा. गेल्या उन्हाळ्यात तो स्वतःचंच एक जग रचत होता — नकाशे, राजे, जहाजं, सगळं. त्यात त्याने समुद्रातल्या माणसांची एक जमात काढली. नाव ठेवलं ओहटे. मी म्हटलं, "हे काय आडनाव हाय का रे? अचलपूरकडचे वाटून राहिले."

तो चिडला. मग फोनवर सगळी गोष्ट ऐकवली. फार पूर्वी समुद्र मागे हटला, पण हे लोक गेले नाहीत. जमिनीखाली उरलेल्या खाऱ्या पाण्यात राहिले. वरच्या माणसांवर त्यांचा दात आहे. खाऱ्या पाण्यात जो वाकून बघेल त्याचं रूप ते घेतात आणि वर येतात. खरा माणूस हाती लागला तर त्याला खाली ओढून ठेवतात. वरून कुणीतरी त्याला हाक मारत राहील तोवर तो जिवंत असतो. आणि ओहट्याला ओळखायचं कसं? तर त्याला खारं पाणी गोड लागतं, आणि गोडं पाणी सोसत नाही.

"हे सुचलं कुठी तुले?"

"आपल्या विहिरीवर बसून, आत वाकून पाहत काढलं, ताई. दिवाळीत गावी होतो तवा."

मी म्हटलं छान आहे, पैसे मिळव. एवढंच.

मे महिन्यात आम्ही दोघांनी एकाच दिवशी गावी जायचं ठरवलं. मी अमरावतीहून, तो अकोल्याहून. मी भर दुपारी पोचले. बघते तर ओसरीत बाजेवर प्रवीण बसलेला आणि माय दाराशी लसूण सोलतेय.

"कवा आला रे?"

"आलो मंगाशी," तो म्हणाला.

माय म्हणाली, "आमी दोघं विहिरीवर जाऊन आलो. मले दाखवत होता, पानी किती खाली गेलं थे."

मी बॅग ठेवली. घशाला कोरड पडली होती. आत जाऊन माठातून दोन गिलास भरले, एक त्याला दिला, एक मी घेतला. त्याने एका दमात संपवला आणि गिलास पुढे केला. "अजून दे. गोड हाय."

मी माझा घोट घेतला आणि अंगणात थुंकले. खारंजहर!

"अवं माय, हे काय भरून ठेवलं माठात?"

"नवा माठ हाय थो. भिजू घातला हाय," माय लसणावरून नजर न काढता म्हणाली.

माझ्याच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. नवा माठ आधी चार-आठ दिवस पाणी भरून मुरवतात, मातीचा वास जावा म्हणून. आणि आमच्याकडे त्यासाठी गोडं पाणी कोण घालवणार? विहिरीचंच भरतात. पिण्याचं पाणी बाजूला गुंडीत होतं. मी सवयीने माठात हात घातला होता.

पण प्रवीणने तर पूर्ण गिलास रिचवला होता. लहानपणी हाच पोरगा अंघोळीचं पाणी तोंडात गेलं तरी बोंबलायचा. मला त्याची फोनवरची गोष्ट आठवली आणि हसू आलं. गंमत म्हणून गुंडीतलं गोडं पाणी भरून त्याच्यापुढे धरलं. "घे बाप्पा. ओहट्या तर नाई झाला ना तू?"

तो हसला नाही. गिलासाकडे बघत मागे सरकला.

"दूर कर थे."

"अरे पानी हाय. पेऊन दाखव."

"दूर कर म्हनलं ना!"

आवाज प्रवीणचाच होता, पण प्रवीण माझ्याशी असं कधी बोलला नव्हता. मला आता हसू येईना. राग येत होता, आणि भीतीही वाटत होती. खरं सांगते, जास्त भीतीच. मी विचारलं, "कोन हायेस तू?"

त्याने वर पाहिलं. इतक्या द्वेषाने माझ्याकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही… सासरच्यांनीसुद्धा नाही.

"आमी पयलेपासून अठीच हाओ," तो म्हणाला. "पानी गेलं, आमी रायलो. तुमी मंग आले. आमच्या डोक्यावर कपाशी पेरली, आमच्या अंगात बोअर खुपसले. अन् तू मले विचारतं, कोन हायेस?"

मी हातातलं पाणी त्याच्या तोंडावर फेकलं. विचार करून नाही, आमच्या घराण्याचा हात तसाही चटकन उठतो. पाणी लागलं तिथे त्याची कातडी पांढरी फटक पडली, वाफ्यात मीठ फुटतं तशी. तो ओरडला नाही. उठला, माझ्या अंगावरून गेल्यासारखा गेला आणि अंगण ओलांडून विहिरीकडच्या वाटेला लागला. त्याची पावलं ओली उमटत होती. मी दारात खिळून उभी होते तेवढ्यात उन्हाने ती वाळलीही, आणि प्रत्येक पावलाच्या जागी पांढरा डाग राहिला.

"माय, पायलं का तू?"

"काय पायाचं हाय त्यात? गेला असंन विहिरीवर," माय म्हणाली. तिच्या हातातला लसूण चालूच होता.

मी प्रवीणला फोन लावला. 

"काय वो ताई? दर्यापूरच्या स्टँडवर हाओ. ऑटो पाहून राहिलो."

ऑटो येईपर्यंत मी मायला शेजारून हलू दिलं नाही. दार लावून तिच्याजवळ बसून राहिले. माझी माय वाचली, वेळेवर आले मी, हेच सारखं मनात येत होतं. ती आपली निवांत होती.

प्रवीण आला. मी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं आणि काही न सांगता नव्या माठातलं पाणी हातात दिलं. त्याने तोंड भरून घोट घेतला आणि सगळा फवारा माझ्या अंगावर उडवला.

"मारून टाकतं का मले? खारं हाय हे!"

मी त्याच्या गळ्यात पडून रडले. तो बिचारा गोंधळून, "काय झालं वो, काय झालं?" करत माझी पाठ थोपटत होता. मी त्याला सगळं सांगत सुटले.

तेवढ्यात माय उठून आली. "कायले पानी वाया घालवता," म्हणाली. त्याच्या हातातला अर्धा भरलेला गिलास घेतला, तोंडाला लावला आणि तळापर्यंत पिऊन टाकला. पदराने ओठ पुसले आणि चहा ठेवायला आत गेली.

मी आणि प्रवीण एकमेकांकडे बघू शकलो नाही.

नंतर मायला डॉक्टरकडे दाखवलं. ते म्हणाले, वय झालं की चव जाते, काळजीचं कारण नाही. असं होतं, मला माहीत आहे, मी मुलांना जिभेचा धडा शिकवते. माझ्याकडे राहायला चल म्हटल्यावर ती त्याच दिवशी कपडे भरून निघाली, डबड्याचा 'ड'सुद्धा काढला नाही. माणूस थकतो, हट्ट सोडतो, हेही होतं. फिल्टरचं पाणी ती माझ्यासमोर घोट घोट पिते, औषध प्यावं तशी, आणि पिताना माझ्याकडे बघत राहते. ते बघणं मी त्या दुपारी ओसरीत पाहिलंय.

प्रवीणने ते जग अर्धवट टाकून दिलं. "ताई, म्या मनानं लिहिलेली गोष्ट हाय ते. खरं कसं होईन?" असं तो म्हणतो. पण हाका मारत राहा, हेही त्यानेच एकदा हळूच सांगितलं.

म्हणून मी दर रविवारी दर्यापूरची बस पकडते. घरी सांगते, शाळेचं काम आहे. विहिरीपासून लांबच उभी राहते, वाकत नाही, आणि "माय" म्हणून हाक मारते. घसा बसेपर्यंत मारते. आतून माझाच आवाज परत येतो, बाकी काही नाही. विज्ञानाची शिक्षिका भर उन्हात विहिरीशी बोलतेय, गावातले हसतात. हसू देत. जे झालं त्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही. तुमच्यापैकी कुणाला लागत असेल तर लिहा, मी खवचट कॉमेंट टाकणार नाही.

परवाच्या रविवारी परतायला संध्याकाळ झाली. मी कुठे जाते हे मी तिला कधीच सांगितलेलं नाही, प्रवीणनेही नाही. मी चपला काढत होते. ती टीव्हीसमोर बसली होती. मान न वळवता तिने विचारलं,

"काय म्हने थे, विहिरीतली?"