नीलावहिनींकडचे देव

आमच्या नीलावहिनींच्या बहरीनमधल्या रिफा शहरातल्या घरी पाच-सहा गणपती आहेत. त्यांचा स्वतःचा त्यातला एकच. बहरीन कायमचं सोडणारा जो तो आपले देव त्यांच्याकडे आणून ठेवतो. “गावी आहेतच हो, आणि तुमच्याकडे पूजा नीट होते,” म्हणतो आणि विमानात बसतो. धूळ रोज वहिनींनी पुसायची.

आता त्यांच्या यजमानांचा, सदानंदरावांचा, व्हिसा संपतोय. देव घ्यायला कुणी तयार नाही.

काल सदानंदरावांनी बातमी वाचली. कुठल्याशा वाळवंटात वाळूखाली जुनी बौद्ध मंदिरं सापडली.

“मूर्ती टाकून भिक्खू का गेले, हे म्हणे कोडंच आहे.”

“कोडं कसलं डोंबलाचं?” वहिनी फडकं झटकत म्हणाल्या. “सगळ्यात शेवटी निघाला, त्यानं कुणाकडे नेऊन ठेवायच्या?”