अनुकूल बाजूचा वक्ता

सगळी माणसं समान असतात, यावर माझा लहानपणापासून अढळ विश्वास आहे. माझी अट एकच होती: पहिला नंबर माझा यावा.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी वादविवादाच्या सरांनी प्रयोगशाळेत पडदा लावून आम्हाला एक अमेरिकन सिनेमा दाखवला. काळ्या मुलांचं लहानसं कॉलेज बड्या गोऱ्या कॉलेजला वादविवादात हरवतं. प्रेक्षक दोनच, कारण संघ दोघांचा: मी आणि पडेगावहून बसने येणारी एक मुलगी. तिचे वडील सेंट्रिंगच्या कामावर जायचे. माझे वडील वकील, आजोबाही वकील. तरी सिनेमाभर मी स्वतःला काळ्यांच्या संघात बसवलं आणि शेवटी डोळे पुसले. ती कोरडीच. सरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "लई चांगलाय सर. पण हरले असते तर कुठं गेले असते, ते दाखवलं नाय."

सर खूश झाले. माझ्या रडण्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

आपल्याकडे एकाच कॉलेजचे दोघं एकमेकांविरुद्ध बोलतात. दोघांच्या गुणांवर करंडक ठरतो, वैयक्तिक बक्षिसं वेगळी. विषय होता, 'समता प्रत्यक्षात आली आहे'. अनुकूल बाजू मी मागून घेतली. त्या बाजूला अवतरणं भरपूर मिळतात. आता ती चांगली बोलली तर करंडक आमचा, आणि फार चांगली बोलली तर पहिला नंबर तिचा. मला तिचं बेताचं यश हवं होतं.

आदल्या दिवशी तिनं भाषण मला वाचायला दिलं. त्यातल्या एकाच वाक्याला मी अडखळलो. असं वाक्य मला कधीच सुचलं नसतं. मी त्यावर काट मारली. म्हणालो, परीक्षकांना असला पाचकळपणा खपत नाही.

"व्हय का? बरं," ती म्हणाली.

स्पर्धेत आधी मी बोललो. मग ती कागदाशिवाय उभी राहिली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "माझे प्रतिस्पर्धी म्हणतात, समता आली आहे. ते गाडीनं येतात, त्यांना वाटेत भेटली असेल. मी पडेगावच्या बसनं येते. बसमध्ये तरी नव्हती."

मी काट मारलेलं वाक्य हेच. सभागृह हसलं. परीक्षक हसले. मीही हसलो, हे मला अजून खुपतं. त्या क्षणी मला तिच्या बसचासुद्धा हेवा वाटला.

ती पहिली आली, मी दुसरा, करंडक आमचा. प्राचार्यांच्या केबिनमध्ये अजून त्या बक्षीस समारंभाचा फोटो आहे. करंडक माझ्या हातात आहे. ती फोटोत नाही. तिची बस साडेपाचला होती.