वाटेतले तास

धरणगावच्या अलीकडे एक मुरमाड माळ होता. दगड वेचून, वर बैलांनी रूळ फिरवून त्याची धावपट्टी केली होती. कडेला पत्र्याची एक खोली, औषधाची पिंपं, पेट्रोलचे डबे आणि ताडपत्रीखाली दोन मजली पंखांचं एक लहान विमान. कापसावर औषध फवारण्यासाठी आजूबाजूच्या बारा गावांच्या शेतकऱ्यांनी मंडळ काढून ते मुंबईच्या एका कंपनीकडून आणवलं होतं. विमानाच्या उड्डाणांची वही लिहायला मंडळाने मला नेमलं. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो.

मी पत्रकांवर वाढलेला माणूस. धुळ्याला शिकायला होतो तेव्हा खोलीत पाठ्यपुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. पातळ पिवळ्या, गुलाबी कागदावर छापलेली, शाई बोटाला लागणारी. कूळकायदा, सहकार, भाषावार प्रांत, देवळातला भेदभाव, सगळं मी त्या कागदांतून शिकलो. पुढे स्वतः लिहू लागलो. त्यामुळे शेतकऱ्यांनी एकत्र येऊन आकाशातून औषध मारायचं, ही कल्पना ऐकल्यावर मला काही विचार करावा लागला नाही. मंडळाचे अध्यक्ष नाना स्वतः मला बोलवायला आले होते. उंच, काळेसावळे, कमी बोलणारे. माझं एक पत्रक त्यांनी आपल्या ओसरीत चिकटवलेलं मी पाहिलं होतं. माझं जेवण त्यांच्याच घरून येई.

उड्डाणं वारा पडलेला असताना होत, सूर्योदयाच्या सुमाराला आणि पुन्हा दिवस कलल्यावर. मधले आठ-नऊ तास माळावर मी आणि विमान. वैमानिक पुण्याचा होता, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. तो गावातल्या बंगल्यावर उतरलेला असे. औषध भरणारे गडी आपापल्या शेतावर परत जात. पत्रा तापला की मी विमानाच्या पंखाखाली सतरंजी टाकून बसायचो. घारीसुद्धा दुपारी दिसत नसत. बोलायला कुणी नसलं की माणूस स्वतःशी भाषणं करतो. मी पुष्कळ भाषणं केली.

सुरुवातीला कंपनीचा इंजिनिअर आला होता. पन्नाशीचा, जाड भिंगांचा चष्मा, नखांत कायमचं काळं तेल. त्याने मला विमानाच्या पोटाखाली झोपवलं आणि बॅटरीच्या उजेडात चार सळया दाखवल्या. बैठकीच्या तळाखालून आडव्या गेलेल्या, करंगळीएवढ्या जाड.

"डावीकडचे पंख आणि उजवीकडचे पंख यांनी धरून ठेवलेत," तो म्हणाला. "ही तुटली तर?"

"पंख जातील."

"पंख जात नाहीत, पंख राहतात तिथेच. बाकीचं खाली येतं."

औषधाचा अंश आणि पावसाळी दमट हवा यांनी सळईच्या आट्यांशी गंज धरतो, गंजाखालून केसाएवढा तडा जातो, आणि तो वरून दिसत नाही. म्हणून सरकारी हुकूम होता. ठरावीक तास उडालं की सळया काढून तपासायच्याच. मर्जीचा प्रश्न नाही. आमच्या विमानाला मर्यादा होती पन्नास तासांची. "पन्नास म्हणजे पन्नास," इंजिनिअर म्हणाला. "अठ्ठेचाळीस झाले की तार कर." त्याने हुकुमाचा कागद खोलीत खिळ्याला अडकवला आणि तो मुंबईला गेला.

मी वही मन लावून लिहिली. वैमानिकाला लिहिण्याचा कंटाळा. तो रोज संध्याकाळी माझ्या वहीवरून आपल्या पुस्तकात तास उतरवी आणि सही करी. "तू पत्रकवाला माणूस," तो म्हणे, "तुझ्या अक्षरावर माझा विश्वास आहे. मजकुरावर नाही." त्याचं हसणं मोठं होतं. इंजिन बंद झाल्यावरही ते माळभर ऐकू येई.

आता माझी चूक सांगतो.

माझं गाव पांझरेच्या काठी. आमच्याकडे नदीला बंधारे घालून पाटाने पाणी घेतात आणि पाळीपाळीने शेतांना देतात. माझे वडील पाटकरी होते, म्हणजे पाणी सोडणारे आणि पाळ्या सांभाळणारे. पाणी बंधाऱ्यातून सुटलं की वेळ धरत नाहीत. ते पाटातून वाहत जाऊन शेताच्या बांधाला लागलं की त्या शेतकऱ्याची पाळी सुरू. वाटेतला वेळ कुणाच्याच पाळीत धरायचा नाही, हा आमच्याकडचा न्याय. टोकाच्या शेतकऱ्याला लांबचा म्हणून भुर्दंड पडू नये. या न्यायासाठी वडिलांनी दोनदा मार खाल्लेला होता.

विमानाच्या वहीतही मी तसंच केलं. विमान शेतावर झेपावून औषध सोडू लागलं की वेळ सुरू. औषध संपून ते वर उठलं की वेळ बंद. जवळची शेतं माळावरून दिसत. लांबच्या शेतांवर पांढरं निशाण घेऊन जो माणूस उभा असे त्याच्याजवळ मंडळाचं घड्याळ दिलेलं असे आणि तो चिठ्ठी पाठवी. जाण्यायेण्याची मिनिटं मी सोडून देई. नानांना मी हे समजावलं तेव्हा ते मान हलवून म्हणाले, "बराबर शे भाऊ. वाटनं टाइम कोनले लावानं नही." मला फार बरं वाटलं होतं.

दीड महिना असाच गेला. कामं जवळच्या गावांची संपली आणि विमान लांब गिरणा नदीकाठच्या गावांकडे जाऊ लागलं. वहीत बेचाळीस तास झाले होते.

एका दुपारी मला वाटलं, हा खिळ्याला टांगलेला हुकूम इंग्रजीत आहे. इथे काम करणारा एकही माणूस तो वाचू शकत नाही. ज्याच्या डोक्यावरून विमान जातं त्याला ते कशावर तरंगतं हे त्याच्या भाषेत कळलं पाहिजे. मी तो मराठीत उतरवून भिंतीला लावायचं ठरवलं. माती वाळत घालावी तशी दुपार पडली होती. मी पंखाखाली बसून ओळ ओळ करत खाली आलो. तिथे तास म्हणजे काय ते बारीक अक्षरांत दिलं होतं. विमानाची चाकं जमिनीवरून सुटल्यापासून पुन्हा जमिनीला टेकेपर्यंतचा सगळा वेळ.

मी ते वाक्य मराठीत लिहिलं. मग वही उघडली. किती फेऱ्या, कोणतं गाव, त्याच्या अंतरावरून जायला किती मिनिटं, यायला किती. दोनदा बेरीज केली. एकसष्ट तास होत होते. माझ्या डोक्यावर जो पंख होता तो अकरा तास हुकुमाबाहेर उडाला होता, आणि त्या अकरा तासांत तो मोठ्याने हसणारा माणूस रोज आत बसलेला होता.

संध्याकाळी वैमानिक आला. मी त्याला वही दाखवली. त्याने वाचलं आणि प्रथमच आवाज खाली आणला.

"हे कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही. तुम्हालाच."

"मग सांगू नकोस. माझ्या पुस्तकात बेचाळीसच आहेत. चार दिवसांत तीन गावं उरकतो, मग तुझी तार कर."

"आणि सळई तुटली तर?"

"बेचाळीसच्या खाली सही माझी आहे, पत्रकवाल्या. तुझी नाही. सळई तुटायच्या आधी नोकरी तुटेल."

हे मला सुचलंच नव्हतं. तेवढ्यात नाना आले. ते शेतावर वाट पाहत उभे राहिले होते. "काय रे भाऊ, इमान काब्र उडनं नही आज?"

मी सांगितलं. पाटाच्या न्यायापासून सगळं. ते ऐकत होते आणि जोड्याने मुरूम उकरत होते.

"बठ्ठा कापूसले अळी लागेल शे," ते म्हणाले. "चार दिन थांब. फक्त चार दिन. मंग तार कर, नहीतं पत्रक छाप."

"नाना, माणूस मरेल."

"हाई तुले कोनी सांगं? तू सळई दखी का?"

पाहिली नव्हती. पाहता येतच नव्हती, तोच तर मुद्दा होता. मी सायकल काढली, धरणगावच्या पोस्टात जाऊन तार केली आणि तारेत माझी चूकही लिहिली. परत आलो तेव्हा माळावर कुणी नव्हतं. ताडपत्री नीट बांधलेली होती. वैमानिकाने ती बांधून मगच माळ सोडला होता.

कंपनीची उलट तार आली, उडू नये. इंजिनिअर तिसऱ्या दिवशी पोचला. ते तीन दिवस मी माळावर एकटाच होतो. जेवणाचा डबा नानांच्या घरून येत राहिला, पण आणणारा गडी आता दारात ठेवून वळत असे. पूर्वी तो बिडी ओढायला बसायचा, तिखट जास्त झालं का विचारायचा. गिरणेकडून माणसं येत, विमानाकडे बघत, माझ्याकडे न बघता जात. एकाने मात्र विमानाकडे बोट दाखवून विचारलं, "भाऊ, याले बुरा रोग शे का?" आणि सोबतचे हसले. मीही हसलो. पण ते माझ्याबरोबर हसले नव्हते.

आणि या तीन दिवसांत माझ्या मनात एक गोष्ट उगवली. मला तडा हवासा वाटू लागला. निदान एका सळईला. लहान का होईना, पण दिसेल असा, बोट ठेवून दाखवता येईल असा. नानांना विमानाखाली झोपवून मी बॅटरी धरली आहे, अशी मी कल्पना करी. तडा असणं म्हणजे वैमानिकाचा जीव इतके दिवस त्यावर टांगलेला होता हे मला माहीत होतं, आणि तरी हवासा वाटत होता.

इंजिनिअरने पंखांना लाकडी टेकू दिले आणि सळया एकेक काढल्या. आट्यांशी तांबूस गंज होता. तो घासून काढला. मग सळया रॉकेलमध्ये बुडवून ठेवल्या, बाहेर काढून कोरड्या पुसल्या आणि शाळेतून आणलेल्या खडूची पूड त्यांवर भुरभुरली. तडा असला तर त्यात शिरलेलं रॉकेल परत झिरपतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. नाना आले होते, वैमानिक होता, गिरणेकडचे दहा-बाराजण होते. सगळे उकिडवे बसून चार पांढऱ्या सळयांकडे बघत होते.

पहिल्या तीन पांढऱ्याच राहिल्या. चौथीवर, टोकाशी, एक ओलसर रेघ आली.

मला आनंद झाला. दुसरा शब्द नाही. मी नानांकडे पाहिलं, मग वैमानिकाकडे. त्याचा चेहरा सळईवरच्या खडूसारखा झाला होता. तो हात हळूहळू पाटलोणीला पुसत होता. मी ते पाहिलं आणि तरीही माझा आनंद गेला नाही.

इंजिनिअरने भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं. सळई पुन्हा पुसली, पुन्हा बुडवली, पुन्हा पूड टाकली. आम्ही तासभर बसलो. रेघ आली नाही. पहिल्या वेळी आट्यात उरलेला थेंब ओघळला होता.

"चारही ठीक," तो म्हणाला.

नानांनी विचारलं, "तडा निंघना का?"

"नाही नाना," मी म्हणालो.

"मंग?"

त्या एका शब्दावर मी आजवर चार पत्रकं लिहायला घेतली आणि टाकून दिली. नाना धोतर झटकून उठले आणि शेताकडे गेले. वैमानिकाने माझ्या खांद्याला हातसुद्धा लावला नाही. त्याच्यासाठी कंपनीचं पत्र आलं होतं, ते इंजिनिअरने त्याला बाजूला नेऊन दिलं. त्याने ते उभ्या उभ्या वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. सळयांना रंग लावून त्या बसवेपर्यंत आणखी दोन दिवस गेले. एकूण पाच. तीन गावांत अळी बोंडात शिरली होती. बोंडात शिरलेल्या अळीला औषध पोचत नाही.

इंजिनिअरला पोचवायला मी जळगाव स्टेशनवर गेलो. त्याच्या हत्यारांची पेटी माझ्या हातात होती. गाडीला उशीर होता. मी त्याला सांगून टाकलं, की चौथ्या सळईवर रेघ आली तेव्हा मला आनंद झाला होता.

त्याने चष्मा काढून शर्टाने पुसला. "मलासुद्धा," तो म्हणाला. "एवढ्या लांब आलो, काही निघालं नाही म्हणजे कसंतरीच वाटतं. दर वेळी वाटतं. म्हणून तर दुसऱ्यांदा बुडवतो."

मग तो केळी घ्यायला गेला. गाडी आली, तो गेला.

परतताना एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारे शेतकरी बसले. मांडीवर गाठोडं, डोक्यावर मळका फेटा. गिरणेकाठचे. त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. गाडी सुटली तशी त्यांनी बोलायला सुरुवात केली. कापसाचं, अळीचं, विमानाचं.

"इमान चांगलं व्हतं," ते म्हणाले. "त्या वहीवाला पोऱ्यानी बसाडी ठेवं. पाच दिन! आन सळई काढीसन दखी तं बठ्ठं ठीक. मना निम्मा कापूस गया. तू वळखस का त्याले?"

गाडीत बारा-पंधरा माणसं होती. समोरच्या बाकावरच्या दोघी मागे वळल्या होत्या. खिडकीबाहेर केळीचे मळे चालले होते. नाही म्हणणं फार सोपं होतं, आणि धरणगावापर्यंत आमच्या छान गप्पा झाल्या असत्या. इतक्या दिवसांत माझ्याशी कुणी असं मोकळं बोललं नव्हतं.

"आबा," मी म्हणालो, "तो मीच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. अनोळखी माणसाकडे प्रथम पाहतात तसं, वरपासून खालपर्यंत. मग मांडीवरचं गाठोडं उचलून आमच्या दोघांच्या मधे ठेवलं आणि ते समोर बघू लागले. धरणगाव यायला अजून पाऊण तास होता.