गालाचं तूप

जर्मनीत, आखनमधल्या माझ्या घरमालकीणबाई हिवाळ्यात सकाळी कुणाला तोंड धुवू देत नसत. ओल्या तोंडानं बाहेर पडलं की गाल उलतात, हा त्यांचा कायदा. दाराशी नवरा, दोन मुली आणि शेवटी मी, अशी रांग लागे. बाई एकेकाच्या गालांना डुकराची चरबी फासत. बोटांना उरलेली चरबी त्या स्वतःच्या पावावर पुसून खात. त्यांची बोटं मात्र कायम भेगाळलेली.

पुण्याला आईला मी कळवलं होतं, ‘गालांना साजूक तूप लावतो.’ झालं! इकडे येणाऱ्या एका ओळखीच्यांबरोबर तिनं तुपाचा डबाच धाडला. सोबत चिठ्ठी: ‘बाईंच्या मुलींनाही लाव.’

सकाळच्या रांगेत मी बाईंना निरोप सांगितला. त्यांनी डबा उघडला, डोळे मिटून वास घेतला आणि तो थेट पावाशेजारी, कपाटात ठेवून दिला.

"हे गालांना फासता? आल्झो, अच्छा, म्हणूनच तुमचा देश गरीब!"

देशाची बाजू मांडायला मी तोंड उघडलं.

"मिटा ते," बाई माझ्या गालावर बोटं फिरवत म्हणाल्या, "चरबी आत जाईल."