पहिला बांगडा कुणाचा?

मासे पकडायला जाणाऱ्यांकडे दोनपैकी एक गोष्ट साठत जाते. मासे, नाहीतर किस्से. साउथहॅम्प्टनच्या आमच्या ग्रुपच्या फ्रीझरमध्ये इतकी वर्षं नुसते मटार आणि खवलेला नारळ होता, यावरून काय ते समजा!

ग्रुप म्हणजे दोन घरं. एक आमचं. मी विद्या, हॉस्पिटलात भूल देते, माहेर वेंगुर्ला. नवरा श्रीकांत, पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला आणि असा कट्टर शाकाहारी की आमच्या घरात तवेसुद्धा दोन. मुलगी इरा. दुसरं घर संजय आणि मीनलचं. संजय हाडांचा डॉक्टर, पक्का नागपूरकर. समुद्र त्याने पहिल्यांदा पाहिला तो हनिमूनला, आणि तेव्हाही मीनलपेक्षा समुद्राकडेच जास्त बघत होता, अशी मीनलची तक्रार आहे. आमचे गुरू म्हणजे शेजारचे केन. गोदीतली नोकरी संपवून रिटायर झालेले, बोलायचे कमी, चहा प्यायचे फार.

ह्या सगळ्याची सुरुवात माझ्या हट्टातून झाली. माझे बाबा घरात "जेवलीस?" यापलीकडे बोलायचे नाहीत. पण खडकावर शेजारी बसून पाण्यात गळ सोडला की त्यांना कंठ फुटायचा. आजोबांच्या गोष्टी, वाऱ्याच्या गोष्टी, मला डॉक्टर व्हायचंय हेसुद्धा मी त्यांना तिथेच सांगितलं. इरा आणि मला तसा एक खडक हवा होता. ती इथे जन्मलेली, इथल्या शाळेत जाणारी. दिवसेंदिवस ती माझ्या हातातून निसटत चालली आहे असं मला वाटायचं आणि त्याची भीतीही वाटायची.

त्यात आमच्या घरची एक रीत. मुलाने पकडलेला पहिला मासा ज्याने शिकवलं त्याच्या ताटात वाढायचा, आणि त्याने तो खायचाच. नाही खाल्ला तर त्या हाताला परत मासा लागत नाही म्हणतात. माझा पहिला मासा बाबांनी अंगात सणसणून ताप असताना खाल्ला होता. हे मी इराला इतक्यांदा सांगितलं की तिला पाठ झालं. तिच्या पहिल्या माशाचा मान माझा, हे मी धरूनच चालले होते.

*

संजयने पहिल्या रविवारी सगळं दुकानच उचलून आणलं. रॉड, घडीची खुर्ची, छोटा तंबू, टोपी, आणि असंख्य खिसे असलेलं जाकीट. "अबे, इक्विपमेंट प्रॉपर पाहिजे," असं म्हणून त्याने रॉड मागे नेला आणि जोरात फेकला.

गळ पाण्यात पडलाच नाही. आम्ही सगळे पाण्याकडे बघत राहिलो. मग मीनल म्हणाली, "अहो, तुमच्या पाठीला काय लटकतंय?"

गळ त्याच्याच जाकिटात, बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये रुतला होता. निघेना. हाडांचे डॉक्टर स्वतःभोवतीच गोल गोल फिरत होते. केननी थर्मासमधला चहा कपात ओतला, एक घोट घेतला आणि शांतपणे म्हणाले, "नाइस कॅच. नाउ लेट हिम गो."

*

इरासाठी केननी खेकडे पकडायचं सुचवलं. इथली पद्धत अशी, की दोरीला बेकनचा तुकडा बांधून धक्क्यावरून खाली सोडायचा. खेकडा तो धरतो आणि सोडत नाही, मग दोरी हळूच वर घ्यायची.

आता बेकन कोण आणणार? मी ड्यूटीवर होते. श्रीकांत सुपरमार्केटात गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो मांसाच्या फ्रिजसमोर उभा राहिला आणि तिथल्या बाईंना त्याने अत्यंत गंभीरपणे विचारलं, "खेकड्यांना स्मोक्ड आवडतं का अनस्मोक्ड?"

बाईसुद्धा खानदानी साउथहॅम्प्टनच्या. म्हणाल्या, "स्मोक्ड, लव्ह. पण त्यांना सवय लावू नका."

ते बेकन दोरीला बांधायचं कामही त्याच्याकडेच आलं. माझ्या हेअर डायच्या पाकिटात जे प्लॅस्टिकचे हातमोजे येतात ना, ते घालून तो बसला. तोंड दुसरीकडे, हात बेकनवर! इरा त्याच्या मांडीला टेकून त्याची गाठ बघत होती. मी पलीकडे उभी राहून भरती, वारा, खेकड्याचा स्वभाव यावर लेक्चर देत होते.

बादली भरली. माझ्या डोळ्यांसमोर कालवण उकळायला लागलं. शेजारी एक इंग्लिश कुटुंब होतं, त्यांची तर आमच्यापेक्षा मोठी बादली. त्यांच्या छोट्या मुलीने बादली हळूच कलंडली आणि सगळे खेकडे पाण्याकडे पळाले. मला राहवेना. मी म्हटलं, "अगं, सोडून कशाला देताय? तुम्हाला नको असतील तर आम्हाला द्या, आम्ही खातो!"

ती मुलगी भोकाड पसरून रडायला लागली. इरा धावत आली, लाल लाल झालेली. "आई, स्टॉप! त्यांनी सगळ्यांना नाव दिली आहे! तो केव्हिन होता!"

आमचे खेकडेही अर्थात पाण्यात गेले. संध्याकाळी घरी मी निमूटपणे कोळंबी केली. इराने ताटाकडे बघितलं आणि मला विचारलं, "ह्यांचा नाव काय होता?"

*

थंडीत केन भावाच्या शेतावर शिकारीला जायचे. नातवंडांनाही न्यायचे. बंदूक कशी धरायची हे शिकवण्याआधी वर्षभर नुसतं चालायला आणि गप्प बसायला शिकवायचे. तिथून आले की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दाराला फेझंटची जोडी टांगून जायचे. फेझंट म्हणजे लांब शेपटीचा रानकोंबडा, पिसांसकट. ही इथली प्रेमाची रीत.

हे मला माहीत होतं. पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंना माहीत नव्हतं!

सकाळी दूध घ्यायला त्यांनी दार उघडलं, तर कडीला दोन मेलेले पक्षी, पाय बांधलेले. सासूबाईंची किंकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेली. "श्रीकांत! अरे, कुणीतरी करणी केलीय आपल्यावर!"

मी समजावलं, "अहो आई, ते गिफ्ट आहे." त्यांना काही केल्या पटेना. श्रीकांतने पक्षी संजयकडे पोचवले, इकडे सासूबाईंनी उतारा म्हणून त्याच कडीला लिंबू आणि मिरच्या बांधल्या. दुसऱ्या दिवशी बघतात तर लिंबू-मिरच्या गायब! आता तर त्या देव्हाऱ्यापुढून उठेनात.

संध्याकाळी केन आले. चेहरा प्रसन्न. "थँक यू फॉर द लेमन, माय डियर. लव्हली विथ द बर्ड. चिलीज वेअर अ बिट मच."

सासूबाईंनी घाबरत विचारलं, "काय म्हणतोय तो?"

श्रीकांत म्हणाला, "म्हणतोय, करणी उतरली."

*

दर रविवारी मी कॉलिंग कार्डाचे लांबलचक आकडे दाबून वेंगुर्ल्याला फोन करायचे. बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला. "गावलो काय गो नातीक मासो?"

"नाही हो बाबा."

"गावतलो," ते म्हणायचे आणि फोन आईकडे द्यायचे.

इराला काही मासा लागत नव्हता. मी मागे उभी राहून सूचना द्यायचे, "रॉड खाली, अगं खाली, आता ओढ, आता नको!" आणि तिची मान हळूहळू माझ्यापासून लांब वळायची. गुंता झाला की ती रॉड घेऊन गाडीकडे जायची. तिथे श्रीकांत पेपर वाचत बसलेला असायचा. तो पेपर बाजूला ठेवायचा, हातमोजे चढवायचा, आणि दोघं डोकं खाली घालून बराच वेळ काहीतरी करत बसायची. मला वाटायचं, गुंता सोडवतायत.

मग सेकंडरी शाळेत जायची वेळ जवळ आली आणि एके दिवशी ती म्हणाली, "आई, मला आता संडेला नाही यायचं. लास्ट टाइम येते."

मी "बरं" म्हटलं आणि गाडीत काचेबाहेर बघत बसले. मला रडू येत होतं.

त्या शेवटच्या रविवारी बांगडे किनाऱ्यालगत आले होते. केन शेजारी होते. श्रीकांत पहिल्यांदाच गाडीतून उतरून दगडांवर येऊन बसला. मी ठरवलं होतं, आज तोंड उघडायचं नाही. आणि नाही उघडलं. इराचा रॉड वाकला, थरथरला, आणि हिरव्या-निळ्या पट्ट्यांचा एक बांगडा दगडांवर येऊन तडफडायला लागला.

तिने श्रीकांतकडे बघितलं. तो म्हणाला, "पटकन कर. त्याला ताटकळत ठेवू नकोस."

केननी मासा मारायचा लाकडी दांडका पुढे केला. तिने एका घावात केलं. डोळे भरून आले तिचे, पण तिने मासा हातातून सोडला नाही.

घरी मी माझ्या तव्यावर तो तळला. मीठ, मसाला, कोकमाचं आगळ, वरून रवा. संजय आणि मीनलही आले होते. वेंगुर्ल्याला फोन करून मी नुसतं "गावला" म्हटलं, तर पलीकडे बाबा चक्क हसले. मग मी पदर सावरावा तसा ड्रेस सारखा करून टेबलाशी बसले.

इरा ताट घेऊन आली. माझ्या मागून पुढे गेली आणि तिने ते श्रीकांतसमोर ठेवलं.

"बाबा, तू शिकवला मला. गाठ, आणि वेट करायचा, आणि सगळा."

संजयने खाली मान घातली. मी कशीबशी म्हणाले, "इरा, अगं बाबा नाही खात. रीत म्हणून मी खाते त्याच्या वतीने."

"पण शिकवला त्यानेच खायचा असतो. तूच सांगितला."

श्रीकांतने माझ्याकडे बघितलं. मग बाह्या वर केल्या, उघड्या बोटांनी एक तुकडा मोडला, काटा बघून बाजूला काढला आणि तोंडात टाकला. सावकाश चावला. गिळला.

"मीठ जरा कमी पडलंय," तो म्हणाला आणि त्याने दुसरा तुकडा मोडला.